बंदुकीच्या मागचा माणूस

बदलापूरच्या बेलवलीतली ती वरची खोली मला मिळाली तेव्हा माझ्या अंगावर आमटी सांडलेली होती. खोली बघायला जाताना आईने दिलेला डबा माझ्याबरोबर होता. घरमालकांनी नाव, गाव, नोकरी काहीच विचारलं नाही. त्यांनी डबा हातात घेतला, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो सरळ माझ्या मांडीवर उलटा धरला. मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. ‘शस्त्रस्पर्धा थांबवा’ या ठळक अक्षरांवरून तुरीची आमटी सावकाश खाली ओघळली.

“झाकण गळतं,” ते म्हणाले. “रिंग कडक झालीय.”

“काका, तुम्ही माझ्यावर आमटी ओतलीत.”

“मी कुठे ओतली? रिंगने ओतली.”

आतून काकू ओलं फडकं घेऊन आल्या. त्या इतक्या लगेच आल्या की असं या घरात नेहमी होत असावं, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी भाषणाच्या तयारीत होते. भाडेकरूच्या प्रतिष्ठेबद्दल मी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात काका म्हणाले, “खोली घ्या. डबा वाईट असून तुम्ही तो नीट सरळ धरून आणलात. म्हणजे माणूस सावध आहे.” मी सावध आहे असं मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. मी ताबडतोब खोली घेतली.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बुवापाड्यात वाढले, आणि पत्रकांवर वाढले. वडील एका छोट्या छापखान्यात होते आणि चळवळीत होते, त्यामुळे उरलेली पत्रकं घरी यायची. आमच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, डाळीच्या डब्यांत पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. इतर मुलं ‘कमळ बघ’ वाचत होती तेव्हा मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ वाचत होते. त्याचा परिणाम अजून गेलेला नाही. दूधवाल्याने पाणी घातलं तर मी त्याला “पाणी घातलंस” असं म्हणत नाही, “मी याचा निषेध करते” असं म्हणते. तो “बरं ताई” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तसंच दूध आणतो.

तर अशी मी, आणि खाली हे काका.

काकांना गळती सहन होत नसे. कुठलीही. नळाची, छपराची, पेनाची, माणसांची. जास्त बोलणाऱ्या माणसाला ते ‘सैल’ म्हणत. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं की मी सैल आहे, पण दाब चांगला आहे. दर रविवारी ते पेटती उदबत्ती घेऊन सगळ्या दारं-खिडक्यांच्या कडेने फिरत. शेजाऱ्यांना वाटे, किती धार्मिक माणूस. ते धूर कुठे ओढला जातो ते बघत असत. घरी आलेल्या पाहुण्याची पाण्याची बाटलीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यामुळे काकूंच्या माहेरची माणसं पेला मागून पाणी पीत आणि पिशव्या दाराबाहेर ठेवून आत येत.

त्यांची उजवी भुवई अर्धीच होती. बाहेरचा अर्धा भाग उगवतच नसे, आणि तिथल्या कातडीवर बारीक काळे ठिपके होते. लग्नाकार्याला निघताना काकू ती भुवई काजळाने पुरी करून देत. मग काका मांडवात पंख्याखाली जागा धरून बसत आणि उठत नसत. घाम आला तर भुवई गालावर येईल, ही भीती. एकदा आलीच. नवऱ्या मुलीच्या आजीने त्यांना नजर लागू नये म्हणून तीट लावलीय असं समजून कौतुक केलं होतं.

कुकरच्या रिंगसाठी ते उल्हासनगरला, कॅम्प पाचला जात. बदलापुरात रिंगा मिळत नाहीत असं नाही, पण उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराशी त्यांचं जुनं वैर होतं आणि ते चालू ठेवायला हवं होतं. एकदा मीही बरोबर गेले. काकांनी रिंग ताणली, सोडली, वास घेतला, कानाशी धरली.

“ये ओरिजिनल है?”

“साईं, ओरिजिनलसे अच्छी है,” दुकानदार म्हणाला. “ओरिजिनलवाला खुद मेरेसे ले जाता है.”

“शिट्टीच्या आधी कडेने वाफ सोडेल ही.”

“तो आप वाफ खाने थोडी बैठे हो, खाना तो भात है ना?”

काका हसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “बघितलंस? याला वाटतं, आतलं शिजलं म्हणजे झालं. कडेला हात कोणाचा आहे ते बघतच नाही.” मला त्यात तेव्हा फक्त ग्राहकांच्या हक्काचा प्रश्न दिसला. मी रिक्षात बसल्या बसल्या डुप्लिकेट मालावर पत्रकाचा मसुदा सुरू केला.

काका पूर्वी काय करत होते, हे मला खोलीत सामान लावून झाल्यावर कळलं. ते बंदुका करत होते. निवृत्तीपर्यंत एका सरकारी कारखान्यात, चाचणीच्या विभागात. मी हादरले. मी, शस्त्रस्पर्धा थांबवणारी, महिन्याच्या महिन्याला शस्त्र घडवणाऱ्याच्या घरात भाडं भरत होते. तत्त्वासाठी खोली सोडायचीच असं मी ठरवलं आणि तत्त्वासकट राहता येईल अशी दुसरी खोली शोधायला लागले. तत्त्वं बसत होती, पण इतका वारा कुठेच येत नव्हता. शेवटी मी शत्रूच्या घरात राहून त्याचं हृदयपरिवर्तन करायचं ठरवलं. वाराही राहिला.

हृदयपरिवर्तनाची पहिली बैठक जेवणाच्या वेळी झाली. मी म्हटलं, “काका, आयुष्यभर माणसं मारायची यंत्रं केलीत, झोप कशी लागते?”

“लागत नाही,” काका म्हणाले. मी सरसावून बसले. “त्या चेंबरचं तोंड बंद करता आलं नाही ना, म्हणून लागत नाही.”

मग त्यांनी समजावलं. वाटीत आमटी आणि ताटात कुकरची रिंग ठेवून समजावलं, म्हणून मला कळलं. आपल्या नेहमीच्या काडतुसाला पितळेची पुंगळी असते. ती बंदुकीच्या चेंबरमध्ये, म्हणजे बार उडतो त्या कप्प्यात बसते. बार उडाला की ती आतल्या दाबाने क्षणभर फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि पेटलेला वायू मागे येऊ देत नाही. काम झालं की आकसते आणि बाहेर फेकली जाते. जाताना बरीचशी आचही घेऊन जाते.

“इतकं शहाणं भांडं कुणाच्या घरात नाही,” काका म्हणाले. “आता आमच्या कारखान्यात कुणीतरी म्हणालं, पितळ जड, पितळ महाग, काढून टाका पुंगळी. दारूचीच घट्ट वडी करा, तिच्यात गोळी बसवा. सगळं जळून जाईल, मागे काही उरणार नाही. छान. मग तोंड कोण बंद करणार?”

“कोण?”

“तेच तर. बंदुकीने स्वतः करायचं. प्रत्येक बाराला, तापलेली असताना, आत काजळी असताना. रबर लावलं तर जळतं. धातूची रिंग घट्ट केली तर तापून अडकते. सैल ठेवली तर वायू मागे येतो. आणि मागे काय असतं?”

त्यांनी अर्ध्या भुवईवर बोट ठेवलं. आमच्या आळीत सगळे समजत होते की ते दिवाळीत भाजलंय.

सरकारने ते काम पुढे थांबवलं. काकांनी नाही थांबवलं. कुकर, डबे, खिडक्या, सगळं त्याचंच चालू होतं. उरलेलं आयुष्य एका न झालेल्या बंदुकीची ते अशी घरगुती चाचणी घेत होते, आणि काकू फडकं घेऊन उभ्या होत्या.

त्याच सुमारास कळलं की बदलापूरच्या एमआयडीसीत एक नवी खासगी कंपनी नेमकी तसलीच, बिनपुंगळीची बंदूक करतेय. आमच्या गावात, आमच्या नाकासमोर. मी रातोरात पत्रक लिहिलं. शीर्षक: ‘पुंगळीविना मृत्यू’. सकाळी काकांनी चष्मा लावून ते वाचलं.

“मृत्यूला पुंगळी कधीच लागत नव्हती,” ते म्हणाले. “बंदुकीला लागते. शीर्षक चुकलंय.”

“ते आलंकारिक आहे काका.”

“‘ही राक्षसी बंदूक क्षणात शेकडो गोळ्या ओकते.’ कुठे ओकते? तापली की अडकते. असं लिही: ही बंदूक तूर्त अडकते.”

“अहो, मग लोक रस्त्यावर कशाला येतील?”

“नको येऊ देत. उन्हाचं कशाला?”

त्यांनी शिसपेन्सिलीने सगळं पत्रक दुरुस्त केलं. ते वाचून कुणालाही त्या बंदुकीची कीव आली असती. मी त्यांची एकच दुरुस्ती घेतली, तीही सौजन्य म्हणून. रिंग कुठे झिजते, का झिजते आणि बंदूक तापल्यावर वायू नेमका कुठून मागे येतो, एवढा एक परिच्छेद त्यांच्या शब्दांत ठेवला. बाकी सगळं राक्षसी ठेवलं. खाली माझं नाव आणि घराचा पत्ता छापला, कारण वडिलांची शिकवण होती की पत्त्याशिवाय पत्रक काढणं हा भित्रेपणा आहे.

बाजारात मी ती पत्रकं वाटली. लोकांनी घेतली, घडी घातली आणि त्यावर बसले. सगळ्या बदलापुरात ते पत्रक शेवटपर्यंत एकाच माणसाने वाचलं, आणि तो त्या कंपनीचा मॅनेजर होता. राक्षसी भाग त्याने सोडून दिला. मधला परिच्छेद वाचून तो जागचा उठला असणार, कारण त्यांची रिंग तिथेच झिजत होती आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. तो दुसऱ्याच दिवशी छापलेल्या पत्त्यावर आला. मी दार उघडलं. मला वाटलं धमकी द्यायला आलाय. मी लढायला तयार होते.

“मॅडम, हे मधलं कुणी लिहिलंय?” त्याने अदबीने विचारलं.

अशा रीतीने शस्त्रास्त्रविरोधी लढ्यात मी शस्त्रास्त्र कंपनीला तिचा हरवलेला इंजिनिअर मिळवून दिला. वडिलांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

काका सल्लागार झाले. नवे बूट आले. सकाळी अंघोळ करताना ते गायला लागले, आणि इतके बेसूर की काकूंनी न्हाणीघराच्या दाराला रिंग बसवा म्हणून सुचवलं. मी जिन्यावर त्यांना अडवून प्रश्न विचारत असे आणि ते “आज घाई आहे हं” म्हणून निघून जात. काकू मला म्हणाल्या, “कधी बघितले नव्हते गं असे. आमच्या लग्नातसुद्धा नव्हते.” त्यावर काय पत्रक काढणार?

बरेच महिने गेले. बंदूक लोखंडी फ्रेमवर बांधून, लांबून दोरीने चाप ओढून सगळ्या चाचण्या झाल्या होत्या. आता ती माणसाने खांद्याला लावून उडवायची होती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. त्याआधी काकांनी ‘पास’ म्हणायचं, एवढंच राहिलं होतं. त्या सकाळी काकांचं बीपी वाढलं होतं म्हणून काकूंनी मला बरोबर पाठवलं. मी गेले. कंपनीच्या ऑफिसात शत्रूचा चहा प्यायचा नाही असं ठरवून गेले होते, पण तो आल्याचा होता.

टेबलावर बंदुकीचा बोल्ट, म्हणजे चेंबरचं तोंड मागून बंद करणारा दट्ट्या, काढून ठेवला होता. काका भिंगातून रिंगेकडे बघत होते. समोर मॅनेजर, आणि दाराशी ती खांद्याला लावून उडवणार होता तो माणूस. तो वांगणीच्या पलीकडच्या पाड्यातला, फौजेतून निवृत्त झालेला, कंपनीत कंत्राटावर. मिशा अशा की दारातून आधी त्या आत आलेल्या.

“सर, सगळे राउंड ओके आहेत,” मॅनेजर म्हणाला. “फक्त तुमचं एक हो पाहिजे.”

“ही काळी रेघ बघा. तापल्यावर श्वास घेतेय ती इथून.”

“एवढं तर सगळ्यातच असतं सर. फ्रेमवर काय झालं का?”

“फ्रेमला डोळे नसतात.”

“सर, पार्टी उद्या येतेय.”

काकांनी भिंग खाली ठेवलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना हो म्हणायचं होतं. त्यांच्या हाताला ते म्हणायचं होतं, तो बोल्टवरून निघत नव्हता. सगळी उमेद ज्यात घातली ते समोर पूर्ण होऊन पडलेलं होतं, एका बारीक रेघेखेरीज.

“बरं,” ते म्हणाले. “मग पहिला बार मी उडवतो.”

मॅनेजर हसला. “तुम्ही कशाला सर?”

“आमच्या विभागात पद्धत होती. कागदावर नव्हती कुठे. ज्याने पास म्हटलं, पहिला खांदा त्याचा. आधी बंदूक तापवा, मग माझ्या हातात द्या. नीट गेली तर मी पास म्हणतो.”

“सर, तुमचं वय बघा. उद्या काही झालं तर आम्हाला केवढं...”

“काय होईल?”

“होणार काही नाही सर.”

“काही होणार नसेल तर मी काय आणि हा काय.”

मॅनेजरने घड्याळात बघितलं. दाराशी उभा असलेला माणूसच बोलला. “काका, मना काय व्हनार नाय. फौजेत लय भडके खाल्लेत. तुमी हो बोला. हे झालं तं मना कायमचा घेनार हायत.”

काकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. “मिशी छान ठेवलीस.”

“बापाची पन अशीच व्हती.”

“मग राहू दे,” काका म्हणाले, आणि मॅनेजरकडे वळले. “पास नाही.”

रिक्षात माझा ऊर भरून आला होता. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर कुणाचं हृदयपरिवर्तन झालेलं नव्हतं, हे पहिलंच. मी म्हटलं, “काका, आज तुम्ही युद्धाला नकार दिलात.”

“नकार कुठला?” ते खिडकी नसलेल्या रिक्षाच्या पडद्याची फट दाबत म्हणाले. “रिंग बदला म्हटलं. नवी करतो मी. होईल.”

“पण ती बंदूक ज्याच्यावर रोखणार, त्याचं काहीच वाटत नाही तुम्हाला?”

“पुढच्याचं तू बघतेस की. पत्रकं काढतेस. मागच्याचं कुणी काढलंय का पत्रक?”

मी घरी जाऊन शोधलं. डाळीच्या डब्यापर्यंत शोधलं. नव्हतं.

त्यानंतर काका नव्या रिंगेच्या मागे लागले. कंपनीचा फोन येईल म्हणून मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून झोपत. मी माझ्या परीने खाली विरोध चालू ठेवला होता, पण संध्याकाळी चहा द्यायला गेले की “झाली का हो रिंग?” असं माझ्याच तोंडून निघायचं. मग खोलीत येऊन मी स्वतःचा निषेध करायची.

मी बुवापाड्याला आईकडे गेले होते तेव्हा काकूंचा फोन आला. “कंपनीने ते बंद केलं गं. आता साधी, पितळेच्या काडतुसाचीच बंदूक करणार म्हणे. हे सकाळपासून बोलत नाहीत. तू ये.”

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. बंद केलं. आमच्या घराने इतकी पत्रकं काढली, त्यातलं कधी काही बंद झालं नव्हतं. वडील नेहमी म्हणायचे, जिंकलो की लगेच तोंड गोड करायचं, नंतर बातमी बदलते. त्यांच्यावर ते करायची वेळच आली नव्हती. मी वाटेत पेढे घेतले.

घरात शिरले आणि कळलं की हे घर पेढ्यांचं नाही. शेजारचे दोघे हळू आवाजात बोलून उठत होते. काकूंनी कपाळाला हात लावला होता. काका खुर्चीत, पायांत नवे बूट तसेच. मी समोर बसले. अशा वेळी काय म्हणतात? खूप त्रास झाला का? शेवटी काही बोलली का? बंदूक गेलेल्या घरी सांत्वनाला कसं बसायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

“त्या मिशीवाल्याचं काय?” मी विचारलं.

“गेटवर घेतलाय,” काका म्हणाले. “कायम केलाय.” मग म्हणाले, “रिंग बसत आली होती गं.” आणि त्यांच्या अर्ध्या आणि पुऱ्या, दोन्ही भुवया एकदम खाली आल्या. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी भिंतीकडे.

मग काकांचं माझ्या पिशवीकडे लक्ष गेलं. “काय आहे?”

“पेढे.”

“कशाचे?”

औषधं म्हणता आलं असतं. प्रसाद म्हणता आलं असतं. पण मी तत्त्वाची, आणि शिवाय मला दुसरं काही सुचलं नाही. “ती बंद झाली त्याचे,” मी म्हटलं. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

काकांनी हात पुढे केला. मी पेढा ठेवला. त्यांनी तो नीट मधोमध मोडला, कडा तपासल्या आणि एक अर्धा तोंडात टाकला.

“हा मिशी राहिली त्याचा,” ते म्हणाले. दुसरा अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “हा बंदुकीपुढच्या माणसाचा. तो तू खा. माझ्याने नाही खाववणार.”

आणि त्यांनी डोळ्यांवर पंचा धरला.

आमच्या घराण्यातला तो पहिला विजय. मी तो तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, आवाज होणार नाही असा हळूहळू खाल्ला.